रोमची भीती आणि आमचे सर

आठवीत ‘शंभर मार्कांचं संस्कृत की संयुक्त’ हा प्रश्न घरोघरी टक्क्यांच्या हिशेबाने सुटायचा. मीही त्याच हिशेबाने संस्कृत घेतलं. शाळा लहान, त्यामुळे संस्कृत आणि इतिहास एकाच सरांकडे. कुठल्या तासाला काय निघेल याचा नेम नसे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा पुस्तकात बॉस्टनच्या चहापासून सुरू व्हायचा. सरांनी तो त्या पुढाऱ्यांच्या शाळेपासून सुरू केला. हॅमिल्टन आणि जॉन जे न्यूयॉर्कच्या ज्या किंग्ज कॉलेजात शिकले, तिथे प्रवेशासाठीच रोमन वक्ता सिसेरोची भाषणं आणि रोमन कवी व्हर्जिलचं काव्य लॅटिनमधून लावून दाखवावं लागे. जॉन अ‍ॅडम्स लॅटिन व्याकरणाला कंटाळला, तेव्हा वडिलांनी त्याला चर खणायला धाडलं आणि पोरगं मुकाट्याने व्याकरणाकडे परतलं, असं सांगतात. ‘रामः रामौ रामाः’ने पिडलेल्या आम्हाला हा अ‍ॅडम्स फार जवळचा वाटला.

पण एवढ्या घोकंपट्टीतून त्यांना मिळालं काय? सरांचं उत्तर मला आजही पटतं: भीती. रोमचं प्रजासत्ताक लोकप्रिय सेनापतींच्या घशात कसं गेलं, ग्रीक नगरराज्यांचे संघ का मोडले, हे त्यांनी मिसरूड फुटायच्या वयात वाचलं होतं. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली; तिच्याआधी त्यांच्यातल्याच मॅडिसनने जुन्या-नव्या संघराज्यांची टिपणंच काढली. राज्यघटनेच्या बाजूचे ८५ लेख हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी ‘पब्लियस’ या रोमन नावाने लिहिले. विरोधकांतही सीझरला मारणाऱ्या रोमनाचं नाव घेतलेला एक ‘ब्रूटस’ होता. गंमत म्हणजे वॉशिंग्टनला लॅटिन येत नव्हतं. तरी १७८३ मध्ये त्याने सेनापतिपद सोडलं, तेव्हा लोकांना त्याच्यात रोमला वाचवून, सत्ता सोडून नांगराकडे परतलेला सिनसिनाटसच दिसला.

सर कौतुकावर थांबत नसत. ‘हे सगळं वाचून गुलाम ठेवलेच ना?’ असं विचारत. पुढे नोकरीनिमित्त व्हर्जिनियात असताना ‘सर्व माणसं समान’ असं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनचं घर, माँटिसेलो, पाहिलं. त्याच्या खासगी चाकरीतल्या गुलामाचं नाव ज्युपिटर, रोमन देवांच्या राजाचं. दोघांचा जन्म १७४३ चाच. विसंगती जेफरसनला कळत नव्हती असं नाही. सोय मोठी ठरली. शिवाय रोममध्येही गुलाम होतेच, हा दाखला त्याच पुस्तकांत तयार होता.

मग सर आपल्याकडे वळत. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी भारतातल्या जुन्या गणराज्यांची आठवण दिली, भिक्षुसंघातले ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम सांगितले. ही लोकशाही भारताने एकदा गमावली, दुसऱ्यांदा गमावेल का, असंही तिथेच विचारलं. तो उतारा सर मूळ इंग्रजीतून वाचायचे. आम्हाला निम्मा कळायचा नाही. मग पुन्हा वाचायचे.