लई शांत हाय लेकरू

कारखान्याचं बॉयलर पेटलं की आमच्या कृष्णाकाठच्या गावाबाहेर कोप्यांची, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या झोपड्यांची, वस्ती उभी राहते. बीड, गेवराई, पाटोदा, कुठून कुठून टोळ्या येतात. मी गावची आशा, म्हणजे आरोग्यसेवेची गावातली कार्यकर्ती. गावातली एकूण एक गरोदर बाई माझ्या रजिस्टरला आहे. ऊसतोडीच्या बायकांची नोंद मात्र त्यांच्या गावी असते आणि दिवस भरतात इथं, माझ्या हद्दीत. कोपीवर बाळंतीण आहे हे मला आरोग्य केंद्रातून क्वचितच कळतं, किराणा दुकानातून आधी कळतं. यंदा जानेवारीतही तसंच झालं. दुकानदार म्हणाला, "एक म्हातारी रोज गूळ-खोबरं नेतीय, सून बाळंत झालीय म्हणं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन गेले. वस्ती रिकामी होती, माणसं पहाटे तीनलाच फडात गेलेली. एका कोपीत वीस-एकवीस वर्षांची पोरगी मांडीवर बाळ घेऊन बसली होती आणि दारात चुलीपाशी तिची सासू. बाळंतपण सरकारी दवाखान्यातच झालं होतं. पण दुसऱ्याच दिवशी ही मंडळी परत आली, कारण नवऱ्याचा खाडा पडत होता आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. बाळ सात दिवसांचं. पाचवी पुजून झालेली, सटवाईनं लिहावं म्हणून ठेवलेला कोरा कागद अजून कोपीच्या पाचटात खोचलेला होता.

"बाळ कसं आहे?" मी विचारलं.

उत्तर सासूनं दिलं. "लई शांत हाय लेकरू. रातभर कुरकुर न्हाई. असलं गुणाचं लेकरू आमच्या घराण्यात झालं न्हाई."

"ताप वगैरे?"

"हात लावून बघा की. गार हाय अंग."

सून गप्प होती. पण तिच्या पोलक्याचा पुढचा भाग ओला होता आणि पदराला दुधाचा वास येत होता. मी तिच्याजवळ सरकले. "दूध गळतंय का गं?"

"कालधरनं गळतंय, ताई. छाती दगडावानी झालीय. ह्यो पितच न्हाई. दोनदा वढतोय अन् झोपतोय. दवाखान्यात असा नव्हता, लई वढायचा."

"झोपंतच वाढत असतंय लेकरू," सासू म्हणाली.

मी हात धुतले, पिशवीतलं घड्याळ आणि थर्मामीटर काढलं. बाळ झबलं-टोपडं घालून गोधडीत गुंडाळलेलं होतं, वरून सगळं ठाकठीक. झबल्याच्या आत हात घातला तर पोटही गार. तळपाय तर बर्फासारखे. काखेत थर्मामीटर धरला, पिप वाजला, आकडा ९४.६. सात दिवसांच्या बाळाचं अंग ९७च्या वर तरी हवंच. छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, मग पुन्हा एकदा मोजले, कारण लहान बाळाचा श्वास मधूनच अडखळतो आणि एका मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही वेळा सत्तरच्या पुढे. साठच्या आत असायला हवेत. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. मी तळपायाला टिचकी मारली. धडधाकट बाळ अशा वेळी पाय ओढून घेतं आणि भोकाड पसरतं. यानं तोंड वाकडं केलं, बारीक कण्हलं आणि पुन्हा मान टाकली. बेंबीवर हळद-तेल थापलेलं होतं. पुसलं तर आजूबाजूची कातडी लालभडक. झोळीच्या काट्यावर वजन २ किलो ५० ग्रॅम. जन्माच्या कार्डावर होतं २ किलो ३००.

आमच्या प्रशिक्षणात ही लक्षणं घोकून घेतात. पण त्यांतली पहिली तीन कशी मांडलेली आहेत बघा: आधी नीट दूध ओढायचं, आता कमी झालं. आधी जोरात रडायचं, आता आवाज क्षीण झाला. आधी हुशार होतं, आता मलूल पडलं. तिन्हींत "आधी" आहे. महिन्यातून काही ठरलेल्या वेळाच दारात येणाऱ्या मला ते "आधी" कुठून दिसणार? डॉक्टरांना तरी कुठून? ते फक्त आईजवळ असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांमधल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासायला शिकवलं आणि तिथले बालमृत्यू, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतले, ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ज्या भेटी देतो, त्यांचं मूळ तिथं आहे. पण त्या सगळ्या पद्धतीचा पाया आईनं बोलण्यावर आहे, आणि बाळंतिणीच्या खोलीत आईला बोलायची पाळी सगळ्यात शेवटी येते.

या पोरीला कालपासून कळत होतं. सासूला सांगितलंही होतं. मग अडलं कुठं? तर ताप नव्हता. आमच्याकडे आजाराची परीक्षा म्हणजे कपाळावर पालथा हात. चटका बसला तर दवाखाना, नाहीतर दृष्ट काढा. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की त्याला ताप येईलच असं नाही, उलट पुष्कळदा अंग गार पडतं. आणि जे बाळ रडत नाही त्याचं घरोघर कौतुक होतं. रात्रभर रडणाऱ्याला चार माणसं बघायला येतात, गप्प पडलेल्याला कोण उठवणार? मला विचाराल तर रडून घर डोक्यावर घेणाऱ्या बाळाची मला काळजी कमी वाटते.

सासूला मी दोष देत नाही. तिनं चार बाळंतपणं फडातच काढली होती, त्यातलं एक लेकरू "असंच झोपंत" गेलं होतं. हे तिनं मला नंतर गाडीत सांगितलं.

बाळाचं झबलं काढलं, आईच्या पोलक्याच्या गुंड्या सोडायला लावल्या आणि बाळ उघड्या अंगानं तिच्या दोन्ही छात्यांच्या मधे उभं ठेवलं, वरून गोधडी. डोक्याला टोपडं तसंच. म्हातारीनं शेगडी पुढं ओढली, ती मी बाहेर काढायला लावली. पाचटाची कोपी, धूर आणि आधीच धापणारं बाळ. १०८ला फोन केला. फडाच्या वाटेनं गाडी आत येईना, म्हणून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायचं ठरलं.

खरी लढाई पैशांवरून झाली. टोळीच्या मुकादमाचा फोन आला, "बाळाला खाजगीत दाखवू संध्याकाळी, आत्ता कशाला?" नवऱ्यानं आगाऊ घेतलेली उचल अंगावर, दवाखान्याचं बिल कोण भरणार ही धास्ती. मी सांगितलं की सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचं औषध, तपासण्या, गाडी सगळं मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून. मुकादम म्हणाला, "ताई, कागदावर लई फुकट असतंय." त्याचं अगदीच खोटं नव्हतं. शेवटी मी एवढंच म्हटलं, संध्याकाळपर्यंत हे लेकरू राहायचं नाही, आणि मग पोलीस पाटलापुढं तुम्ही उत्तर द्या. हे बोलणं नियमात बसतं की नाही माहीत नाही. पण नवरा फडातून पळत आला, हातात कोयता तसाच.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा पहिला डोस टोचला आणि थांबवून न घेता जिल्ह्याला पाठवलं. वाटेतही बाळ आईच्या छातीशीच होतं. नवजात अतिदक्षता कक्षात वॉर्मरखाली ठेवलं, नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई. रक्ताच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. तिथल्या सिस्टरनी आईला वाटीत दूध पिळायला शिकवलं, कारण बाळ प्यायला लागेपर्यंत दूध आटू द्यायचं नव्हतं. सासू सुरुवातीला म्हणाली, पिळलेलं दूध पाजू नये. तिसऱ्या दिवशी नळीतून तेच दूध पोटात जाताना पाहिल्यावर तीच वाटी घेऊन सुनेच्या मागं उभी राहायची.

दहा-बारा दिवसांनी मायलेकरं कोपीवर परत आली. मी २१व्या दिवसाच्या भेटीला गेले तर लांबूनच रडणं ऐकू आलं. आई वैतागलेली, डोळे तारवटलेले. "ताई, जीव खातोय नुसता, अर्ध्या अर्ध्या तासानं मागतोय." मी तापमान बघितलं, श्वास मोजले, वजन केलं. मग तिनंच विचारलं, अजून काय काय बघायचं? मी सांगत गेले: छाती-पोट गार लागतंय का, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत का, झटके, बेंबीतून पू. बेंबीला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आणि दोन वेळा ओळीनं दूध ओढलं नाही तर कुणाला विचारत बसायचं नाही, मला फोन करायचा. शेजारच्या कोपीतली सहा महिन्यांची गरोदर बाई दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही आत बोलावलं. "काही त्रास आहे का?" असं मी आता विचारत नाही, त्याचं उत्तर कायम "न्हाई" असतं. "काल काय करत होतं, आज काय करत नाही?" असं विचारते.

यंदा ऊस कमी, त्यामुळे कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी फेब्रुवारीतच परत निघाली. मी त्यांच्या गावच्या आशाचा नंबर शोधून तिला सगळं कळवलं. ४२व्या दिवसाची भेट तिनं केली, वजन २ किलो ८००. आता या भेटींचे २५० रुपये तिच्या नावावर काढायचे की माझ्या, यावर आमची दोघींची आणि दोन्हीकडच्या गटप्रवर्तकांची, म्हणजे आशांवर देखरेख करणाऱ्यांची, फोनाफोनी चालू आहे.