बरो आसा

आमच्याकडे सिनेमाचं परीक्षण दोन शब्दांत आटपतं. "पिक्चर कसो?" "बरो आसा." झालं. आम्ही गोंयकार बोलतो कोकणीत, पेपर वाचतो मराठी, सिनेमा बघतो (कोकणीत 'पळोवप') हिंदी, पण निकाल मात्र कोकणीतच लागतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, बरा असेल सिनेमा. तसं नाही. नुसतं "बरो आसा" म्हणजे तिकिटाचे पैसे अगदीच बुडाले नाहीत. "बऽरो आसा" असा 'ब' लांबवला तर मध्यंतरानंतर झोप लागली होती. आणि "बरो आसा" म्हणून समोरचा बटाटवड्याकडे वळला, तर जाऊच नका.

फोंड्यात रविवारी सकाळी ज्या हॉटेलात मी पातळ भाजी आणि पाव खातो, तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर हे कामकाज चालतं. अध्यक्षस्थानी निवृत्त मास्तर. परवा एका पोराने नव्या थ्रिलरची गोष्ट सांगायला घेतली आणि पाव भाजीत बुडवता बुडवता खून कोणी केला तेही सांगून टाकलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी रात्रीची तिकिटं काढलेली होती. त्यातल्या एकाने पोराकडे जे पाहिलं, तो त्या दिवशीचा खरा थ्रिलर.

गोव्यात घडणारा सिनेमा असला की मात्र दोन शब्दांत भागत नाही. मग नटनट्या, गाणी, कथा सगळं बाजूला राहतं आणि भूगोलाचा तास सुरू होतो. 2015 सालच्या 'दृश्यम'मध्ये चौथी नापास केबलवाला सिनेमे बघून बघून पोलिसांना चकवतो. देशभर लोक त्याच्या हुशारीवर खूश झाले. आमच्या टेबलावर आधी चर्चा रंगली ती त्याचं गाव नेमकं कुठल्या तालुक्यात यावर. ते नकाशावर नाहीच म्हटल्यावर जरा हिरमोड झाला. मग सिनेमातल्या पणजीच्या पावभाजीवर घसरले. "गोंयकार भाजी-पाव खाता, पावभाजी न्हय," असं एकाने ठणकावलं, आणि लोण्यात परतलेल्या लाल भाजीपेक्षा वाटाण्याची पातळ भाजी कशी सरस, यावर अर्धा तास गेला. खून राहिला बाजूलाच.

त्याआधी 2013 मध्ये 'चेन्नई एक्सप्रेस' तामिळनाडूला निघाली आणि वाटेत आमचा दूधसागर लागला. कुळ्याहून रेल्वेने वर गेलेल्या माणसाला तो धबधबा कळायला एक क्षण पुरतो. थिएटरात कोणीतरी "आरे, हो आमचो!" म्हणून ओरडलंच. पुढचं दृश्य कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. शापोऱ्याच्या किल्ल्याचं तर नावच बदललं. 2001 मध्ये 'दिल चाहता है'मधले तिघे मित्र त्या तटावर बसले, तेव्हापासून पर्यटक त्या सिनेमाच्याच नावाने किल्ल्याचा पत्ता विचारतात. आम्हीही मुकाट्याने रस्ता दाखवतो.

नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आली की सगळेच जाणकार होतात. 2004 पासून हा महोत्सव गोव्यात आहे, त्यामुळे गळ्यात पास अडकवून पणजीत फिरण्याची आम्हाला आता चांगलीच सवय झाली आहे. दिवसाला चार सिनेमे बघायचे तर निवडायचे कसे? रांगेत पुढे उभा असलेल्या अनोळखी माणसाला विचारून. माझा अनुभव असा की "चुकवू नका" म्हणणाऱ्यापासून जपावं. एका दाढीवाल्या गृहस्थांच्या आग्रहाखातर मी एक सिनेमा पाहिला. त्यात एक म्हातारा बर्फात चालत होता. मी डुलकी काढून उठलो तरी चालतच होता. उलट रांगेतल्या एका बाईंनी "ठीक आहे, बघा हवं तर" म्हणून खांदे उडवलेला सिनेमा संपल्यावर मी मांडवीच्या काठी बराच वेळ बसून राहिलो. घरी बायकोने विचारलं, "कसो आसलो?" मी म्हटलं, "बरो." तिने फक्त ताट वाढलं.

गेल्या रविवारी मास्तरांना कोणीतरी नव्या पिक्चरबद्दल विचारलं. ते आदल्या रात्रीच बघून आले होते. "बरो आसा," एवढंच बोलले आणि चहा बशीत ओतला. ना लांबवलेला 'ब', ना वड्याकडे नजर. चहा निवला तरी बशी हातातच. मला काही अर्थ लागेना, म्हणून संध्याकाळी स्वतःच तिकीट काढायला गेलो. रांगेत माझ्या पुढे मास्तर. सोबत काकी, नवी साडी नेसून, केसांत अबोलीची फाती माळून. मला पाहून मास्तर किंचित ओशाळले आणि काकींकडे बोट करून म्हणाले,

"हिणें पळोवंक नाशिल्लो."