बाबांच्या नावाचं बिल

आज हाफ डे टाकून आमच्या जुन्या वीज कंपनीच्या काउंटरवर गेले होते, तिसऱ्यांदा. मुंबई उपनगरात आपल्याला वीज कंपनी बदलता येते, वीज कायदा २००३ मुळे, तर आईने बदलली. वायर तीच, फक्त मीटर आणि बिल नवीन कंपनीचं, आणि तारांच्या भाड्यासाठी बिलात वहन आकार लागतो हे मला पण आत्ताच कळलं.

त्रास वेगळाच झाला. जुन्या खात्यावर आमचेच पैसे जमा आहेत, वर डिपॉझिट, आणि तरी आईला थकबाकीचं बिल आलं कारण शेवटचे दोन महिने रीडिंग न घेता सरासरीवर लावलेत. मी मीटर काढला त्या दिवशीचा फोटो दाखवला, आकडे स्पष्ट दिसतायत, तर म्हणे खातं बाबांच्या नावावर आहे, त्यांना सही करायला आणा. बाबा जाऊन चार वर्षं झाली हो. आई शेजारीच उभी होती, काही बोलली नाही, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मृत्यूचा दाखला काढून ठेवला काउंटरवर. मला खूप लागलं ते.

मग लेखी तक्रार दिली, पोच शिक्का मारून घेतला. लाइट कापायची धमकी दिली तर घाबरू नका, वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. इथे नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाणार. कंपनी बदलणार असाल तर आधी नाव बदलून घ्या आणि शेवटच्या रीडिंगचा फोटो काढाच.