आमची वाटचाल : अर्धी कोळशावर, अर्धी गॅसवर

आमचं काम सांगायला सोपं आहे. तुमच्या गच्चीवर, अंगणात किंवा फार्महाउसवर येऊन आम्ही चिकन-मटण भाजून देतो. डोंबिवलीतून सुरुवात केली तेव्हा भांडवल म्हणजे एक लोखंडी शेगडी, सळया आणि बायकोच्या हातचं वाटण. भाजणं माझ्याकडे, मुरवणं तिच्याकडे आणि हिशेबही तिच्याकडेच. धंदा टिकला तो बहुधा त्यामुळेच.

पहिली वर्षं कर्जत-नेरळकडच्या ऑर्डरींवर आणि निव्वळ कोळशावर गेली. रॉकेल ओतून पेटवायची पद्धत आम्ही ठेवली नाही, वास मांसाला धरतो. पत्र्याच्या डब्याला खाली भोकं पाडून घेतली आहेत. तळाशी कागद, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत निखारे फुलतात. त्यांच्यावर पांढरी राख धरल्याशिवाय सळई ठेवायची नाही, मग पाहुणे कितीही घाई करोत. निखारे शेगडीभर पसरायचे नाहीत, एका अंगाला ओढायचे. तंगडी आधी धगीवर रंग घेते आणि मग निखारे नसलेल्या बाजूला झाकणाखाली आतपर्यंत शिजते. हाडाजवळ कच्ची आणि वरून करपलेली तंगडी खाल्ली असेल, तर तिथे ही दुसरी बाजूच नव्हती असं समजा.

गॅसकडे वळलो ते मुंबईच्या ऑर्डरींमुळे. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं आणि पालिकेच्या नोटिसा तंदूरवाल्या हॉटेलांपर्यंत पोचल्या. आमची शेगडी काही त्या यादीत नव्हती, पण सोसायट्या आणि हॉलवाले आधीच विचारू लागले, "दादा, कोळसा नाही ना आणणार?" मग गॅसची ग्रिल आणि निळा 19 किलोचा सिलिंडर घेतला.

"गॅसवर ती चव नाही" हे रोज ऐकतो. माझं मत वेगळं आहे. फुललेल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतोच. चरबी आणि मसाला तापलेल्या निखाऱ्यावर ठिबकतो, त्याचा धूर वर येऊन मांसाला लागतो, ती ही चव. गॅसवर ते काम बर्नरवरच्या लोखंडी पट्ट्या करतात, फक्त झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं त्या सणसणीत तापवायला हव्यात. खरी अडचण ओलाव्याची. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यात दह्याचं पाणी मिसळलं की मांस भाजायच्या ऐवजी उकडतं आणि पांढरट पडतं. यावर तोडगा बायकोने काढला: दह्याऐवजी चक्का. रात्रभर टांगलेल्या चक्क्यात आलं-लसूण, तिखट आणि मोहरीचं तेल. मसाला घट्ट बसतो, गळत नाही, रंगही लवकर चढतो. कच्ची पपई फक्त मटणाला आणि तीही काही तासच. चिकनला लावली तर पिठूळ होतं.

खिम्याच्या सळईला चरबी लागतेच, साधारण पाचवा हिस्सा. खाटकाला तसं आधीच सांगून ठेवतो. खिमा बर्फासारखा गार असताना मळला तर सळईवरून सुटत नाही. शिजलं की नाही याचा अंदाज मी बांधत नाही, काट्याचा थर्मामीटर खुपसतो: चिकनला 74 अंश, खिम्याला 71. जुने आचारी हसतात, हसोत.

बंद हॉलमध्ये किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवायला मात्र आम्ही साफ नाही म्हणतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. यापायी ऑर्डरी गेल्या आहेत, पुढेही जातील.

आता मुंबई-ठाण्यात गॅस आणि कर्जतकडे कोळसा असं चाललंय. पावसाळ्यातल्या फार्महाउसच्या ऑर्डरींना कोळसा आम्ही आमचाच नेतो. तिथल्या पोत्याला ओल लागलेली असते आणि ओला कोळसा तडतडून ठिणग्या उडवतो. पोत्याचे पैसे बिलात वेगळे लावतो, ते आधी विचारून घ्या.