आमची वाटचाल : एक पाया, अनेक जिनिंग

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी बसून आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांच्या, हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो, असे सांगितले की नागपूरचे लोक आजही आधी हसतात आणि मग दर विचारतात. काटापावतीपासून हमाली, तोलाई, सरकी, रुई आणि गाठींपर्यंतचा सारा हिशेब आम्ही जँगोवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या पायथन भाषेतल्या तयार सांगाड्यावर, उभा केला. माझे तेव्हाचे भागीदार दर गिऱ्हाइकासाठी कोडची वेगळी प्रत काढावी या मताचे होते. मी मात्र लिस्टव्ह्यू, डिटेलव्ह्यू, क्रिएटव्ह्यू आणि अपडेटव्ह्यू या जँगोच्या जनरिक वर्गांवर (यादी, तपशील, नवी नोंद आणि दुरुस्ती या पानांच्या तयार साच्यांवर) आमचा एकच पाया रचला आणि प्रत्येक जिनिंगचा वेगळेपणा त्यावरून निघालेल्या चार-पाच ओळींच्या उपवर्गात ठेवला. कोणाला यादी गाडीनुसार हवी, कोणाला अडत्यानुसार. त्यासाठी गेट_क्वेरीसेट, म्हणजे पानासाठी कोणत्या नोंदी काढायच्या ते ठरवणारे फंक्शन, तेवढे बदलायचे. कोणाला पानावर उताऱ्याची, म्हणजे कापसातून निघालेल्या रुईची, टक्केवारी हवी. ती पानाला माहिती पुरवणाऱ्या गेट_कॉन्टेक्स्ट_डेटामध्ये, सुपरला (म्हणजे पायाच्या मूळ फंक्शनला) आधी हाक मारून, जोडायची.

पानांच्या वेबपत्त्यांच्या (यूआरएलच्या) बाबतीत मी जास्तच हट्टी होतो. आमच्या काटापावतीवर क्यूआर छापलेला असतो आणि शेतकरी ती पावती चुकारा हाती पडेपर्यंत, पुष्कळदा पुढच्या हंगामापर्यंतही, जपून ठेवतो. त्यामुळे आधी हंगाम, मग जिनिंग, मग पावती क्रमांक हा पत्त्याचा क्रम एकदा ठरला तो ठरलाच. आतल्या दुव्यांना आम्ही नावे दिली आणि नावावरून पत्ता तयार करणाऱ्या रिव्हर्सनेच पत्ते काढले. एकही पत्ता टेम्प्लेटमध्ये (पानाच्या मांडणीच्या फाइलमध्ये) हाताने लिहिला नाही. डिसेंबर 2017 मध्ये जँगो 2.0 सोबत पत्त्याचा नमुना सोप्या रीतीने लिहायचे पाथ हे फंक्शन आले, तेव्हा पत्त्यातला ‘2017-18’ असा हंगाम तपासणारा स्वतःचा कन्व्हर्टर लिहून आम्ही त्याच कामाची जुनी किचकट चिन्हांची रेग्युलर एक्स्प्रेशन काढून टाकली, पण जुन्या पावत्या तशाच उघडत राहिल्या.

त्याच वर्षी आमचे दुकान जवळजवळ बंद पडले होते. उन्हाळ्यात भागीदार कोडची प्रत घेऊन एका मोठ्या शहरातल्या कंपनीत गेले, आणि त्या कंपनीने पहिला हंगाम फुकट देऊ म्हणून आमची बहुतेक गिऱ्हाइके दिवाळीच्या आत वळवली. दोन मुलांचा पगार मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दिला, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. हिंगणघाटचे एक शेठजी तेवढे आमच्याकडे राहिले. ते म्हणाले, “भाऊ, आपल्याले फुकट नाही पायजे, रात्री फोन उचलणारा पायजे.”

मग 15 नोव्हेंबर 2017 पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर पाच टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदाराच्या माथी आला. ऐन आवकेच्या दिवसांत शेतकऱ्याची थेट खरेदी आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याची खरेदी वेगळी करावी लागली, शिवाय पंधरा तारखेच्या आधीच्या पावत्यांना हात लावायचा नव्हता. आम्ही पायाच्या खरेदी वर्गातील फॉर्म_व्हॅलिडमध्ये, म्हणजे बरोबर भरलेला फॉर्म आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तारीख आणि विक्रेत्याचा प्रकार पाहणारी दुरुस्ती केली. उपवर्गांना हात लावावा लागला नाही. तिकडे जिनिंगगणिक प्रत होती आणि प्रत्येक प्रतीत कोणीतरी वेगळी घाईची डागडुजी केलेली होती. हंगाम संपायच्या आत काही जुनी गिऱ्हाइके परत आली. त्यांच्याकडून मी मागचा दर घेतला नाही, थोडा जास्तच घेतला.

कोणी विचारले नसले तरी या धंद्यात उतरणाऱ्या मुलांना सांगतो. एका मालकाची नोंद दुसऱ्याला दिसू नये म्हणून यादीतल्या ओळी टेम्प्लेटमध्ये लपवू नका, कारण पत्त्यातला क्रमांक बदलला की तपशीलाचे पान उघडतेच. गाळणी गेट_क्वेरीसेटमध्ये लावा आणि ती यादी, तपशील, दुरुस्ती तिन्हींना एकाच मिक्सिनमधून (अनेक वर्गांत मिसळता येणाऱ्या छोट्या वर्गातून) द्या. यूआरएलच्या यादीत वरून पहिला जुळणारा नमुना जिंकतो, म्हणून ‘नवीन’ हा पत्ता कोणताही शब्द स्वीकारणाऱ्या नमुन्याच्या वर ठेवा. आणि जिथे तीन मिक्सिन लावूनही काम वाकडेच होत असेल, तिथे सरळ साधे फंक्शन लिहावे. आमचे गाठींच्या वजनाचे पान तसेच आहे.

त्या कंपनीचे सॉफ्टवेअर आजही विकले जाते. तिच्या काटापावतीवरचा क्यूआर मी मध्यंतरी एका बाजार समितीत उघडून पाहिला : आधी हंगाम, मग जिनिंग, मग पावती क्रमांक.