दूध, ताक, तेल

रविवार, रात्रीचे साडेनऊ

टाचांना तेल चोळून झालं. लेक जेवता जेवताच झोपली. भाचा अजून आजीला पायऱ्यांचा हिशेब देतोय. तोवर लिहून टाकते. उद्या डबे आणि ऑफिस सुरू झालं की राहूनच जाईल.

पितृपक्षात पावागडला, बडोद्याजवळच्या कालिकामातेच्या डोंगरी गडावर, जायचं म्हटल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "या दिवसांत कुणी फिरायला निघतं का?" माझं म्हणणं, कुणी निघत नाही म्हणूनच आपण निघायचं. गणपती बोळवून झाले, नवरात्र यायचंय. एकदा घट बसले की माचीवर पाय ठेवायला जागा नसते. मधल्या या पंधरवड्यात गड मोकळा, पाऊस ओसरत आलेला आणि तळी भरलेली. शेवटी तोड आईंनीच काढली. "देवीला कसला पितृपक्ष? मी दर्शनाला येते. तुम्हाला काय डोंगर तुडवायचा तो तुडवा."

निघायचं खरं कारण मात्र लेकीचा एक प्रश्न. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री, बडोद्यातली आमची नदी, आमच्या तळमजल्यात आली होती. काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट. नदी तेव्हा ३५ च्या वर गेली. भिंतीवरची मातकट रेघ दोनदा रंग देऊनही पावसाळ्यात पुन्हा उमटते, लेकीच्या कमरेच्या जरा वर. "एवढं पाणी येतं कुठून?" मी म्हटलं, आजवा धरणातून सोडलं की नदी फुगते, वर जोराचा पाऊस झाला की फुगते. "वर म्हणजे कुठे?" वर म्हणजे पावागड, तिथल्या डोंगरातच विश्वामित्रीचा उगम. तिला काही ते पटेना. तिच्या लेखी पावागड म्हणजे उडन खटोला, म्हणजे रोपवे, आणि लिंबू सरबत. आणि नदी म्हणजे पुलाखालचं ते गढूळ पाणी, मगरींसकट. दोघांचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यातच बसत नव्हतं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं बडोद्यात राहून माझ्याही बसलं नव्हतं.

सकाळी सहाला निघालो. हालोलमार्गे पन्नासेक किलोमीटर. खाली चांपानेरला गाडी लावली आणि एस.टी.ने माचीला. तिथून दोन पक्ष पडले. आई आणि हे उडन खटोल्यात, आम्ही तिघं पायी. आईंच्या गुडघ्यांना तो रोपवे म्हणजे वरदान आहे, त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. १९८६ पासून चालू आहे, त्यापायी किती म्हाताऱ्या माणसांना देवी दिसली असेल. पण मुलांना मात्र चालवायचंच, हे मी आधीच ठरवलं होतं.

सुरुवातीचा टप्पा मला कधीच आवडला नाही, आजही नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्या, चुनऱ्या, खेळणी, प्लास्टिकच्या बंदुका, आणि पायऱ्यांच्या कडेला रिकाम्या बाटल्यांचा खच. डोंगर चढतोय की बडोद्यातला मंगळबाजार, कळू नये. मुलांना हे सांगून उपयोग नसतो, त्यांना तोच भाग सर्वांत आवडतो. भाचा (वय दहा) पायऱ्या मोजत होता. ४१२ वर एका वानराने लेकीच्या हातातलं थेपलं उचललं आणि मोजणी फिसकटली. ती रडली नाही, उलट वानराने छुंदा (कैरीचं गोड लोणचं) नेला नाही याचंच तिला आश्चर्य. लहान मुलं घेऊन येणाऱ्यांनी एवढं करावं, खायचं पिशवीत ठेवावं, हातात नाही. आणि चपला घालून आणू नये. उरलेल्या ओलीने शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवर माझाच पाय दोनदा सरकला, सोबत बूट घातलेली मुलं टुणटुण पुढे.

अर्ध्यावर दुकानं विरळ झाली आणि मग खरा डोंगर सुरू झाला. या दिवसांत तो हिरवा असतो, एप्रिलमध्ये इथे नुसता भाजका दगड. भाच्याला मी दगडाकडे बघायला लावलं. खाली काळा, आपल्या सह्याद्रीतला असतो तसाच बेसॉल्ट. वर जावं तसा फिकट, गुलाबीसर, फुटला की धारदार, तो रायोलाइट. दोन्ही लाव्हाचेच, पण एकाच डोंगरात खालीवर असे दोन्ही सहज बघायला मिळत नाहीत. "म्हणजे हा ज्वालामुखी होता?" होता, आता नाही. हे ऐकून लेक थोडा वेळ माझा हात धरून चालली.

रोपवेच्या वरच्या टोकापाशी दूधिया तळं. आई तिथे काठावर सावलीत बसल्या होत्या, आमच्या आधी अर्धा तास. "आलात?" एवढंच म्हणाल्या, पण चेहऱ्यावर जिंकल्याचं होतं.

लेकीने पाण्यात डोकावून पाहिलं. पाणी हिरवट. "हे दूध कुठेय?" तिथून थोड्याच अंतरावर छाशिया. छाश म्हणजे ताक, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, बडोद्यातल्या मराठी घरात ताकाला अर्धा वेळ छाशच म्हणतात. तेही हिरवटच. आणि तिसरं तेलिया. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दह्याचं तळं कुठेय? दही न लावता ताक कसं झालं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईंनी गोष्ट काढली. विश्वामित्र ऋषी इथे तप करत होते. त्यांची कामधेनू चरता चरता दरीत पडली. वर येता येईना, तेव्हा तिने पान्हा सोडला, दरी दुधाने भरली आणि ती पोहत वर आली. मग ऋषींनी देवाची प्रार्थना केली, ही दरीच भरून टाक. देवाने एवढा डोंगर आणून टाकला की दरी भरून त्याचा पाव हिस्सा वर उरला. तो पावागड. "आणि नदीचं नाव?" भाच्याने विचारलं. विश्वामित्राची ती विश्वामित्री. हे मला माहीत होतं, पण दुधाने भरलेल्या दरीशी आमच्या तळमजल्यातली मातकट रेघ जोडलेली आहे, असं कधी वाटलं नव्हतं.

गोष्ट बाजूला ठेवली तरी तळ्यांचं कौतुक उरतंच. डोंगराला टप्प्याटप्प्यांनी सपाट माच्या आहेत. त्यांवर पडलेला पाऊस खोलगट जागी अडवायचा आणि वर्षभर पुरवायचा, एवढंच तंत्र. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये गड घेतला, पण त्याआधी दीड वर्षाहून जास्त काळ वेढा घालून बसावं लागलं. इतके महिने वर माणसं तगली ती या पाण्याच्या जिवावरच. छाशियाच्या काठी लकुलीशाचं, म्हणजे शिवाच्या एका रूपाचं, देऊळ आहे, हजारएक वर्षांचं, गडावरचं सर्वांत जुनं. कोरीव काम पडझडीतही सुंदर. मुलं तिथे पाच मिनिटं टिकली. मला तासभर हवा होता. आई आणि हे वरच्या देवीच्या मंदिराच्या उरलेल्या पायऱ्या चढून दर्शन घेऊन आले. मी तळ्याकाठी बसून राहिले. वारा, ढग खाली उतरलेले, दूर हालोलचे कारखाने. पितृपक्षाचे आभार.

उतरताना माचीपासून एस.टी. घेतली नाही, जुन्या वाटेने पायीच आलो. घरच्यांसोबत जाणाऱ्याला मी हाच भाग सुचवेन, चढाईचा नाही. झाडी आहे, दरवाजे लागतात, आणि दुकानं नाहीत. सदनशाह दरवाजा, बुढिया दरवाजा, ही नावं भाच्याने पाठच केली. १८०३ मध्ये इंग्रजांनी हा गड घेतला तो दौलतराव शिंद्यांकडून, हे त्याला सांगितल्यावर तो जरा ताठ चालू लागला. एका जागी वाटेच्या कडेने पाण्याचा बारीक ओहळ दगडावरून घसरत होता. लेक थांबली. "हीच?" मी म्हटलं, हीच असं नाही सांगता येणार. नदीला एकच नळ नसतो, असे कितीतरी ओघळ एकत्र येतात, मग ती बडोद्यातून जाते, पुढे ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखातात. तिने ओहळात बूट घातला. मुद्दाम. मी रागावले नाही.

सात कमानीपाशी मात्र तिने फसवणूक पकडली. कमानी मोजल्या, परत मोजल्या. "सहाच आहेत!" सातवी पडली केव्हातरी. "मग नाव बदलत का नाहीत?" दह्याचं तळं नाही, सातवी कमान नाही, तिचा या गडावरचा विश्वास तिथेच उडाला.

खाली आल्यावर वडा तलावाच्या काठी डबे उघडले. चांपानेर १५३५ पर्यंत गुजरातची राजधानी होतं, २००४ पासून जागतिक वारसा. तरी त्या काठावर आम्ही, दोन बगळे आणि एक गुराखी, एवढेच. गेल्या नोव्हेंबरात जांबुघोड्याच्या अभयारण्यात गेलो होतो ते आठवलं. कडा तलावाच्या बाजूचं जंगल, साग आणि मोहाची झाडं, सपाट वाट, पाच वर्षांचं मूलही चालेल अशी. जंगल हवं असेल तर तिकडेच जावं, पावागडावर ते तितकं दाट नाही. पण जांबुघोड्याला अस्वलं आणि बिबटे आहेत, म्हणून उजाडता-मावळताना मुलांना घेऊन नाही. हे दर वेळी म्हणतात, एक रात्र राहू या. दर वेळी शाळा आडवी येते.

संध्याकाळी काळा घोडा पुलावर लेकीने गाडी हळू करायला लावली. मुलं काच खाली करून मगर शोधत होती. दिसली नाही. पाणी नेहमीसारखंच, गढूळ, संथ.

"वर तळ्यात मगर का नव्हती?" भाच्याने विचारलं.

आई म्हणाल्या, "ताकात कुठे मगर राहते?"

लेकीचे बूट गॅलरीत वाळत ठेवलेत. चिखल अजून ओला आहे. उद्या शाळेला दुसरे शोधायला हवेत.