इटास्काचं पाणी आणि बारा फुटी कयाक

हिवाळाभर आमच्या घरात एकच विषय होता, मासे धरायला कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, कुठली घ्यायची. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला येऊन सहा वर्षं झाली होती. काठावरून गळ टाकून झाले होते, आणि आता मला आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला तळ्याच्या मध्यावर जायचं होतं. मे महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी मिनेसोटात वॉलआय माशाचा हंगाम उघडतो. त्या दिवशी इटास्काचं तळं गाठायचं हे नक्की होतं. फेब्रुवारीत मी मालवणजवळ देवबागला काकांना तीन कयाकचे फोटो पाठवले. त्यांचा जन्म कर्लीच्या खाडीत गरवण्यात गेला. फोटो बघून त्यांनी एवढंच विचारलं, "होडी बघतंस, पाणी बघलंस काय गो?"

पाणी तेव्हा बर्फाखाली होतं. पण त्या प्रश्नाने आमची सगळी खरेदी उलट्या टोकाने सुरू झाली.

देवबागला आम्ही होडीतून पडायचो ते मुद्दाम. खाडीचं पाणी अंगाला ऊबच देतं, दुपारभर त्यात राहिलं तरी काही होत नाही. इटास्कावरचा बर्फ साधारण एप्रिलच्या शेवटी वितळतो. मे महिन्यात हवा वीस अंशांवर गेली, टी-शर्टात फिरावंसं वाटलं, तरी पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यासाठी इथे १-१०-१ असं एक सूत्र शिकवतात. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय नीट चालतात. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. यातली मधली दहा मिनिटं मला सगळ्यात भीतिदायक वाटली. माणूस शुद्धीवर असतो, होडी हाताशी असते, आणि बोटं ऐकत नाहीत.

म्हणून पैसे आधी कपड्यांवर गेले. जीन्स आणि सुती बनियन पहिल्याच दिवशी बाद केले. भिजलेलं सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर पातळ फ्लीस. मुलासाठी तीन मिलिमीटरचा बिनबाह्यांचा निओप्रीनचा वेटसूट आणि वरून वल्हवण्याचं जॅकेट. मी स्वतःसाठी वापरलेला ड्रायसूट घेतला. नवा ड्रायसूट साध्या कयाकपेक्षा महाग पडतो. त्याच्या गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सच्या घट्ट पट्ट्या असतात, त्यामुळे पाणी आत येत नाही. पण ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, ती आतल्या लोकरीची. घातल्यावर उकिडवं बसून गळ्याची पट्टी बोटाने जरा उघडायची आणि आतली हवा बाहेर काढायची, नाहीतर पाण्यात पाय फुग्यासारखे वर येतात. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे बुटांसकट जलरोधक विजारी, बरेच जण कयाकवर घालतात. मला ते पटले नाहीत. उथळ पाण्यात उभं राहायला ते उत्तम, पण पडल्यावर त्यांत गार पाणी भरलं की वर चढताना ते वजन पायांना ओढतं.

लाइफ जॅकेट पाठीला उंच कापाचं घेतलं. कयाकच्या खुर्चीला पाठ असते, साध्या जॅकेटचा जाड फोम तिथे टोचतो आणि मग माणूस ते काढून मागे ठेवतो. तिथेच घात होतो. रंग भडक नारिंगी, खांद्याला शिट्टी. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा मासा दिसावा म्हणून तर हवाच, पण उडून आलेल्या गळापासून डोळे वाचतात हे मला जास्त महत्त्वाचं.

मग होडी. आत पाय घालून बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते, आणि तळ्याच्या मध्यावर ती उपसणं कठीण. आम्ही वर बसायची घेतली. तिच्या तळातल्या आरपार भोकांमधून पाणी आपोआप निघून जातं. लांबी बारा फूट, रुंदी चौतीस इंच. अरुंद कयाक वेगाने जाते, पण मासा काढताना एका बाजूला वाकावं लागतं, तेव्हा रुंदीच सांभाळते. रुंद होडीला वल्हंही लांब लागतं, आम्ही अडीचशे सेंटिमीटरचं घेतलं. एका दुकानात पायडलची कयाक अगदी आग्रहाने दाखवली. हात मोकळे राहतात हे खरं, पण ती पन्नास किलोच्या घरात होती आणि आमच्या गाडीच्या टपावर ती मला आणि मुलाला उचलता आली नसती. वजनाची मर्यादाही नीट वाचावी. आपलं वजन, ओले कपडे, खोकं, नांगर, पाणी हे सगळं धरून मर्यादेच्या दोन तृतीयांशावर थांबावं. मिनेसोटात दहा फुटांहून लांब कयाकची नोंदणी करावी लागते, ती करून घेतली.

शुक्रवारी सकाळी निघालो. वडीनाच्या पुढे महामार्ग ७१ लागला, शेतं मागे पडली आणि पार्क रॅपिड्सनंतर पाइनचं रान सुरू झालं. इटास्का हे मिनेसोटातलं सगळ्यात जुनं राज्य उद्यान, १८९१ सालचं. या तळ्यातून मिसिसिपी निघते. १८३२ साली नदीचा उगम शोधणाऱ्या स्कूलक्राफ्ट या अमेरिकनाला इथे घेऊन आला तो ओझाविंडिब नावाचा, ओजिब्वे या इथल्या मूळ जमातीतला माणूस. त्याच्या लोकांना हे तळं आधीपासून ठाऊक होतं, त्यांच्या भाषेत त्याचं नाव एल्कचं, म्हणजे एका मोठ्या हरणाचं, तळं. इटास्का हे नाव स्कूलक्राफ्टने 'वेरितास कापुत', म्हणजे खरं मूळ, या लॅटिन शब्दांच्या मधल्या अक्षरांतून घडवलं.

त्या दुपारी गळ बाहेर काढलेच नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात कयाक नेली, नवरा काठावर दोरी धरून उभा राहिला, आणि मी मुद्दाम उलटले. तोंडावर पाणी आलं तसा श्वास आपोआप आत ओढला गेला. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असतं तर पाणीच आत गेलं असतं. जॅकेटने डोकं वर ठेवलं. मी आकडे मोजत श्वास लांबवला. मग कयाकवर आडवा हात टाकून पलीकडची कड धरली आणि ओढून ती सुलटी केली. पाय मारत पोटावर चढले, वळून बसले. पहिल्या खेपेला जॅकेटचा पट्टा गळाच्या दांडीच्या मागच्या स्टँडमध्ये अडकला. ते स्टँड मी तिथेच पान्याने काढून टाकले. खुर्चीची उंच चौकटही आड येत होती, ती खालच्या खाचेत बसवली. तिसऱ्या खेपेला नीट जमलं. अंग ऊबदार होतं, पण उघड्या बोटांना जॅकेटचं बकल काही उघडेना. "आई, हातमोजे," मुलगा म्हणाला. मग त्याने चार वेळा उलटून दाखवलं, मोजे घालून.

शनिवारी उजाडायच्या आधी पाण्यात होतो. इटास्काला तीन फाटे आहेत. वारा पश्चिमेकडून होता, म्हणून झाडांच्या आडोशाने पश्चिम फाट्यात शिरलो. धुकं पाण्यावर गुडघाभर उंच. लून पक्षी लांब हाळी देत होता. ती हाळी ऐकताना मी वल्हं मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. वॉलआयच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, म्हणून तो अंधुक उजेडात शिकार करतो. ऊन चढलं की खोल जातो. आमच्या हाती तासभर होता.

मुलाची दांडी वाकली तो पाइक निघाला. लांब थोबाडाचा, दातांनी भरलेला. त्याने चिमट्याने गळ काढला, मासा पट्टीवर धरला. चोवीस इंच. इथल्या विभागात बावीस ते सव्वीस इंचांतला पाइक सोडून द्यावा लागतो. त्याने दोन्ही हातांनी तो पाण्यात धरून ठेवला, शेपटी हलली तसा सोडला. चौतीस इंची होडी एवढं वाकूनही डगमगली नाही, हे मी मागून बघत होते. नंतर मला एक वॉलआय लागला, सोळा इंचांचा.

तो संध्याकाळी मालवणी मसाला आणि आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळला. पांढरं, घट्ट मांस, काटा थोडा. काकांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "पाणी कितक्या थंड होता?" दहा अंश म्हटल्यावर त्यांनी मुलाला फोन द्यायला सांगितला आणि त्याच्याकडून उलटल्यावर चढायची रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतली.

निघताना मिसिसिपीच्या उगमावर गेलो. तिथे दगडांवरून चालत नदी ओलांडता येते. मग धक्क्यावर कयाकचं बूच काढून सगळं पाणी सांडवलं, तळाशी चिकटलेलं शेवाळ पुसलं. इथे तो कायदा आहे, नाहीतर झेब्रा नावाचे उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. मुलाने गुडघ्यांवर बसून तळातल्या प्रत्येक भोकात बोट घातलं. शेवटच्या भोकातून एक हिरवी काडी निघाली, ती त्याने काठावर उन्हात टाकली.